हिऱ्यापोटी शिसपेन्सिल

आपल्या म्हणींमध्ये कोळशाची बाजू कोणीच घेतलेली नाही. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' असे एकदा म्हटले, की त्या माणसाविषयी पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. हिऱ्याचे मात्र उलट. गुणी माणूस म्हणजे हिरा, आणि त्याच्या घरात दिवटे चिरंजीव निपजले की 'हिऱ्यापोटी गारगोटी'. मी ३४ वर्षे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि कार्बनचा धडा दर वर्षी या म्हणीपासूनच सुरू केला. कारण म्हणीतला व्यवहार पक्का असला तरी तिचे रसायनशास्त्र कच्चे आहे. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. गारगोटीत कार्बनचा कणही नाही. ती सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची बनलेली. तेव्हा हिऱ्यापोटी गारगोटी कधीच निघायची नाही. हवा लागू न देता हिरा प्रखर तापवला, तर त्याच्या पोटी जे निघते ते ग्रॅफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीतली काळी कांडी.

आता शिसपेन्सिल या शब्दातही एक जुनी गफलत दडलेली आहे. तिच्यात शिसे नसते, कधीच नव्हते. कागदावर काळी रेघ उमटवणारा हा मऊ दगड शिशाचाच प्रकार असावा, अशी युरोपात समजूत होती. १७७९ साली स्वीडनच्या शेले याने तो कार्बन असल्याचे दाखवून दिले. पुढे दहा वर्षांनी वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने ग्रीक भाषेतल्या 'लिहिणे' या अर्थाच्या धातूवरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. १७९५ साली फ्रान्समध्ये कोंते याने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजल्या आणि आजची पेन्सिल जन्माला आली. शास्त्रज्ञांनी शिसे काढून टाकले; आपल्या भाषेत ते राहून गेले.

हिरा हाही कार्बनच, हे ठरवायला मात्र हिरे जाळावे लागले. १७७२ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिये याने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला, तेव्हा कोळसा जळताना जो वायू निघतो तोच निघाला. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर हिरा तापवून हिशेब पुरा केला. जेवढ्या वजनाचा हिरा तेवढ्याच वजनाचा कोळसा घेतला, तर कार्बन डायऑक्साइड वायू तेवढाच मिळतो, असे त्याने दाखवले. आणि १८१४ साली हम्फ्री डेव्ही आपल्या तरुण मदतनिसाला, म्हणजे मायकेल फॅरडेला, घेऊन फ्लॉरेन्सला गेला असता तिथल्या राजाच्या मोठ्या भिंगाखाली त्यानेही हिरा जाळून पाहिला. राख नाही, पाणी नाही. फक्त तोच वायू. हिरा आणि कोळसा यांची जात एक, यावर शिक्कामोर्तब झाले.

इथपर्यंत आले की वर्गातला एखादा तरी मुलगा हमखास विचारायचा, 'सर, दोन्ही एकच असतील तर एक एवढा महाग आणि एक एवढा काळा का?' या प्रश्नाचे उत्तर मला पगारापुरते नव्हे, तर पुढच्या साऱ्या आयुष्याला पुरले. ते असे, की कार्बनच्या अणूला स्वतःचा असा रंग नाही, कठीणपणा नाही, गुण नाही आणि अवगुणही नाही. तो कोणाचा हात कसा धरतो, यावर त्याचे सगळे ठरते. हे नीट कळले, तर अंगठीतला हिरा, न्हाणीघरातला गिझर आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राची चिमणी या तीन अगदी वेगवेगळ्या गोष्टींकडे पाहण्याची नजर बदलते. म्हणून आज हा धडा वर्गाबाहेर घ्यायचे ठरवले आहे.

कार्बनच्या अणूत सहा इलेक्ट्रॉन असतात. दोन आत, केंद्रकाजवळ. चार बाहेरच्या कक्षेत. बाहेर आठ झाले म्हणजे अणूला स्थैर्य येते. मिठातला सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीन तो घेतो. तिथे सौदा सोपा. पण कार्बन अगदी मधोमध अडकलेला. चार देऊन टाकायचे तर फार ऊर्जा लागते, चार बाहेरून घ्यायचे तर तेही झेपत नाही. म्हणून तो देत नाही आणि घेतही नाही, सामाईक ठेवतो. शेजारी दोघांनी बांधावर एक विहीर काढावी आणि दोघांनीही ती आपली म्हणावी, तसा हा प्रकार. पाठ्यपुस्तकात याला सहसंयुज बंध म्हणतात. असे चार बंध कार्बनला करता येतात, म्हणून आम्ही मुलांना सांगायचो की कार्बनला चार हात आहेत. १८५८ साली जर्मनीच्या केकुले आणि स्कॉटलंडच्या कूपर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही गोष्ट मांडली. कार्बनचे अणू एकमेकांचेच हात धरून साखळ्या करतात, हेही त्यांनीच सांगितले.

हे चार हात कोणत्या दिशेला असतात? कागदावर आपण ते अधिक चिन्हासारखे काढतो, पण अणू काही कागदावर राहत नाही. १८७४ साली व्हान्ट हॉफ या २२ वर्षांच्या डच तरुणाने आणि फ्रान्सच्या ल बेल याने सुचवले, की हे हात अवकाशात चार कोपऱ्यांकडे, एकमेकांपासून शक्य तितके दूर पसरलेले असतात. शेतातला सराटा पाहिला असेल तर चित्र डोळ्यांपुढे येईल. तो कसाही टाका, तीन काटे खाली टेकतात आणि एक वर राहतो, नेमका पायात जायला. कोल्बे या त्या काळच्या बड्या रसायनज्ञाने या कल्पनेची छापील टर उडवली. व्हान्ट हॉफ तेव्हा पशुवैद्यकाच्या शाळेत नोकरीला होता, त्यावरूनही टोमणा मारला. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक दिले गेले, ते व्हान्ट हॉफलाच.

आता हिरा पाहू. प्रत्येक कार्बन आपले चारही हात चार शेजाऱ्यांना देतो, ते शेजारी पुन्हा आपापल्या चार शेजाऱ्यांना. सगळे हात सारखे, सगळे बळकट, आणि कोणत्याही दिशेने गेलात तरी हीच रचना. अख्खा हिरा म्हणजे एकच महाप्रचंड रेणू. १९१३ साली ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. दोन अणूंमधले अंतर मिलिमीटरच्या कोटीव्या भागाच्या जेमतेम दीडपट. कुठल्याच बाजूने फट नाही, म्हणून हिऱ्याला ओरखडा पाडायला हिराच लागतो. एकही इलेक्ट्रॉन मोकळा नाही, म्हणून हिऱ्यातून वीज वाहत नाही आणि प्रकाश अडत नाही.

ग्रॅफाइटमध्ये कार्बन एका पातळीत तीनच शेजाऱ्यांचे हात धरतो. त्यामुळे मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनांचे सपाट जाळे तयार होते. गंमत अशी, की या जाळ्यातला बंध हिऱ्यातल्यापेक्षाही आखूड आणि बळकट असतो. पण एक जाळे आणि त्यावरचे दुसरे जाळे यांत अंतर दुपटीहून अधिक, आणि त्यांना धरून ठेवणारे बळ क्षीण. पत्त्यांचा जुड आठवा. एकेक पत्ता चिवट, पण जुड तिरपा केला की पत्ते सरसर घसरतात. तुम्ही पेन्सिलीने 'श्री' काढता, तेव्हा अशीच हजारो पाने कागदावर घसरून पडतात. आणि चौथा इलेक्ट्रॉन? तो कोणा एकाचा राहत नाही, साऱ्या जाळ्यावर भटकत असतो. म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि हेच भटके इलेक्ट्रॉन पडेल तो प्रकाश गिळतात म्हणून ते काळे दिसते. समईच्या ज्योतीवर धरलेल्या तांब्याच्या भांड्यावर जे काजळ जमते, त्यातही अशीच इवलीइवली, अस्ताव्यस्त जाळी असतात. कोळसा उगाळावा तितका काळाच, यामागचे कारण इतके साधे आहे. उगाळल्याने जाळी मोडतात, बंधाचा प्रकार बदलत नाही.

कार्बनची रूपे दोनच, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो आणि पुढे बरीच वर्षे शिकवलेही. १९८५ साली क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांना ६० अणूंचा एक पोकळ चेंडू सापडला. १२ पंचकोन आणि २० षट्कोन, हुबेहूब फुटबॉल. घुमट बांधणाऱ्या बकमिन्स्टर फुलर या वास्तुरचनाकारावरून त्याला फुलरीन म्हटले गेले, आणि १९९६ साली या तिघांना नोबेल मिळाले. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तर कमालच केली. ग्रॅफाइटला साधी चिकटपट्टी लावून ते सोलत गेले, शेवटी एका अणूच्या जाडीचे एकच पान हाती लागेपर्यंत. या पानाचे नाव ग्रॅफीन. त्याचे नोबेल २०१० साली. पेन्सिल आणि चिकटपट्टी प्रत्येक शाळेच्या दप्तरात असतात, हे त्या वर्षी मी वर्गात मुद्दाम सांगितले होते.

एवढी शिदोरी घेऊन अंगठीकडे येऊ. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे लग्न ठरले. मुलाने प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याची अंगठी पसंत केली आणि घरात कुजबुज सुरू झाली. आमच्या ताईच्या विहीणबाईंना ती अंगठी 'खोटी' वाटत होती. ताईलाही मनातून तसेच वाटत होते, फक्त बोलवत नव्हते. शेवटी भाची माझ्याकडे आली. म्हणाली, 'मामा, बाकीचं मी बघते. खरा की खोटा, एवढंच तू सांग.'

मी तिला जे सांगितले ते इथेही सांगतो. आपल्याकडे 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा मिळतो तो झिर्कोनियम या धातूचा ऑक्साइड. त्यात कार्बन औषधालाही नाही. त्याला हिरा म्हणणे खोटे. प्रयोगशाळेतला हिरा ही निराळी गोष्ट आहे. १९५४ साली अमेरिकेत ट्रेसी हॉल याने प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कार्बनपासून हिरे तयार केले. आता दुसरी रीतही रूढ आहे. बंद पेटीत हिऱ्याची पातळ चकती ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडून तो वायू इतका तापवतात की मिथेनचे रेणू फुटतात, आणि सुटे झालेले कार्बनचे अणू त्या चकतीवर थरावर थर बसत जातात. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला मुख्य वायू. तिथे बसणारा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांचे हात धरतो, तेच अंतर, तोच कोन. हिरा उष्णता तांब्यापेक्षाही कितीतरी वेगाने वाहून नेतो, म्हणून सराफाकडचे छोटे यंत्र खड्याला टोक लावून उष्णता किती लवकर पळते ते पाहते. झिर्कोनियमचा खडा तिथे पकडला जातो, प्रयोगशाळेतला हिरा पकडला जात नाही, कारण तो हिराच आहे. खाणीतल्या हिऱ्यात नायट्रोजनचे अणू कोट्यवधी वर्षांत कसे गोळा झाले, थर कोणत्या दिशेने वाढले, असल्या खुणा तपासायला मोठी उपकरणे लागतात.

'मग किंमत एवढी कमी का?' तिने विचारले. कारण किंमत बंधाची नसते, दुर्मीळपणाची असते. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडदोनशे किलोमीटरवर, शंभर ते तीनशे कोटी वर्षांपूर्वी घडला. ज्वालामुखीने तो वर आणला. एके काळी तो बव्हंशी आपल्याच देशात, कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींत सापडे. पेटीतला हिरा काही आठवड्यांत होतो, आणि पेट्या वाढल्या की भाव उतरतात. गेल्या काही वर्षांत ते चांगलेच उतरले आहेत. ऑपेरा हाऊसहून २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात गेलेल्या मुंबईच्या हिरेबाजाराला आणि सुरतेच्या कारागिरांना याचा चटका बसतो आहे, आणि त्यांची काळजी खोटी नाही. तेव्हा पुढे मोडायची वेळ आली तर पैसे परत मिळतील, या हिशेबाने घेत असाल तर घेऊ नका. बोटात हिरा हवा म्हणून घेत असाल तर तो हिरा आहे, असे मी सांगितले. विहीणबाईंचे समाधान झाले की नाही, ते मला ठाऊक नाही. लग्न व्यवस्थित पार पडले.

आता कार्बन दुसऱ्यांचे हात धरू लागला की काय होते? त्याची खरी करामत इथे आहे. कार्बन-कार्बन बंध सिलिकॉन-सिलिकॉन बंधाच्या सुमारे दीडपट बळकट असतो, त्यामुळे त्याच्या साखळ्या लांबच लांब होऊ शकतात. उरलेल्या हातांना हायड्रोजन लावला की एका अणूचा मिथेन, तीन-चार अणूंचा आपल्या सिलिंडरमधला गॅस, पाच ते बारा अणूंच्या आसपास पेट्रोल, वीस-तीसच्या पुढे मेणबत्तीचे मेण. हजारोंच्या घरात गेलो की पॉलिथीन, म्हणजे महाराष्ट्राने २०१८ साली बंदी घातलेल्या पिशव्या. बंध तेच, फक्त लांबी वेगळी. आणि हेच बंध इतके मजबूत आहेत की पिशवी मातीत पडली तरी जिवाणूंना तिचा धड घासही घेता येत नाही.

दोन कार्बन कधीकधी दोन-दोन हातांनी एकमेकांना धरतात. त्याला दुहेरी बंध म्हणतात. याचे प्रात्यक्षिक आपल्या फडताळात आहे. थंडी पडली की खोबरेल तेल गोठते आणि बाटली उन्हात ठेवावी लागते, शेंगदाणा तेलाला मात्र काही होत नाही. खोबरेलातल्या बहुतेक साखळ्या एकेरी बंधांच्या, सरळ. त्या लाकडाच्या मोळीसारख्या एकमेकींना लागून बसतात आणि घट्ट होतात. शेंगदाण्याच्या तेलात मधेमधे दुहेरी बंध असतात, तिथे साखळीला कोपरासारखा बाक येतो, आणि वाकड्या काटक्यांची मोळी नीट बांधता येत नाही. तेलात हायड्रोजन सोडून हे दुहेरी बंध भरून काढले की वनस्पती तूप होते. पण त्या कारभारात काही दुहेरी बंध भरले न जाता नुसतेच पिळले जातात. बाक जातो, साखळी सरळ होते, दुहेरी बंध तसाच राहतो. हेच ते हृदयाला घातक असलेले ट्रान्स फॅट. २०२२ सालापासून आपल्याकडे खाद्यतेल-तुपात त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे. अणू तेच, संख्या तीच. एका हाताची दिशा बदलली आणि तूप जिवावर उठले.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला बसलो, त्या बंधाकडे येतो. कार्बन आणि ऑक्सिजन.

हवा भरपूर असेल तर जळणारा कार्बन ऑक्सिजनचे दोन अणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली, तर त्याच्या वाट्याला एकच ऑक्सिजन येतो आणि होतो कार्बन मोनॉक्साइड. या दोघांतला बंध तिहेरी, दोन अणूंमधल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तरीही कार्बनपाशी इलेक्ट्रॉनची एक जोडी शिल्लक राहते आणि ती लोखंडाच्या शोधात असते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू वाहून नेणारा अणू लोखंडाचाच. कार्बन मोनॉक्साइड तिथे प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बसतो. जागा अडली की रक्त फिरत राहते, पण प्राणवायू नेत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने ठसका लागत नाही. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात, गुंगी येते आणि माणूस खाली बसतो. दार उघडायला उठण्याचे त्राण राहत नाही.

माझा एक विद्यार्थी असा गेला. वर्गात पुढच्या बाकावर बसणारा, हे सगळे ज्याने माझ्याच तोंडून ऐकले होते असा. नोकरी लागली, शहरात वन रूम किचनची जागा घेतली, न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवला. डिसेंबरचे दिवस होते, गार वारा येतो म्हणून वरची झडप पुठ्ठा लावून बंद केलेली. पंधरा मिनिटे झाली तरी तो बाहेर आला नाही, म्हणून दार तोडले. वर्तमानपत्रात आले, 'गुदमरून मृत्यू'. शब्द चुकीचा नाही, पण त्याने कोणाला काही कळत नाही. लोकांना वाटते, गुदमरायला लागले की माणूस धडपडेल, ओरडेल. इथे तसे होत नाही. बंद न्हाणीघरात गिझरची ज्योत आधी खोलीतला प्राणवायू संपवते, मग त्याच अपुऱ्या हवेत जळत राहून हा वायू तयार करते. बंद खोलीत उबेसाठी रात्रभर ठेवलेली कोळशाची शेगडी हेच करते. चालू जनित्र घरात ठेवले तरी हेच होते. गिझर न्हाणीघराच्या बाहेर हवा, झडप उघडी हवी, आणि ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली तर समजावे की हवा पुरत नाही. तो पिवळेपणा न जळलेल्या काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो. परीक्षेत 'अपूर्ण ज्वलन' या प्रश्नाला दोन गुण असत. मुलांनी ते मिळवले. त्या दोन गुणांत न्हाणीघराची खिडकी येते, हे आमच्या अभ्यासक्रमाने कधी सांगितले नाही.

राहिली चिमणी. इथे सुरुवातीची गारगोटी पुन्हा उपयोगी पडते. मूलद्रव्यांच्या कोष्टकात सिलिकॉन कार्बनच्या अगदी खालच्या घरात आहे. त्यालाही हात चारच. दोघेही एकास दोन या प्रमाणात ऑक्सिजन घेतात. मग सिलिकॉनचा दगड होतो आणि कार्बनचा वायू, असे का? कार्बन लहान आहे. तो प्रत्येक ऑक्सिजनच्या अगदी जवळ जाऊन त्याला दोन्ही हातांनी धरतो. चारही हात गुंतले, रेणू तिथेच पुरा झाला, आता तो मोकळा, उडून जायला. सिलिकॉन मोठा, त्याला एवढे जवळ जाता येत नाही. तो चार ऑक्सिजनांना एकेका हाताने धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दुसऱ्या सिलिकॉनला, आणि अशी वीण पसरत जाऊन गारगोटी होते, वाळू होते. कार्बननेही तसेच केले असते, तर आपल्या चुलीतून आणि चिमण्यांतून धुराऐवजी खडे पडले असते, आणि ते कुठे टाकायचे यावर नगरपालिकांत भांडणे झाली असती. खडे दिसतात. वायू दिसत नाही, म्हणून भांडण उशिरा सुरू झाले.

किती वायू? १२ ग्रॅम कार्बनमधून ४४ ग्रॅम. आपल्या घरी येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड खिडकीवाटे बाहेर जातो, म्हणजे आणला त्याच्या तिप्पट. हा वायू विषारी नाही. रोपे त्याच्यावरच जगतात. पण त्याच्या दुहेरी बंधांना एक खोड आहे. जमिनीतून परत जाणारी उष्णता अंगावर पडली की ते स्प्रिंगसारखे वाकतात, हलतात आणि ती उष्णता शोषून घेतात. हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्यांना हे जमत नाही. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि हा वायू सर्वांत जास्त तापतो, असे नोंदवले. हवेत तो वाढला तर पृथ्वी तापेल, हेही त्यांनी तेव्हाच लिहिले. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावर कीलिंग यांनी नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास. २०२४ साली ४२० च्या पुढे.

चंद्रपूर, घुग्घुस, वणी या भागातला कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा. त्यांनी सूर्याच्या उन्हाचे मोल देऊन कार्बनला ऑक्सिजनच्या मिठीतून एकेका अणूने सोडवले आणि जमिनीत ठेवले. आपण तो जाळतो, तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजन पुन्हा घट्ट बिलगतात, आणि त्या बिलगण्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यावर माझ्या डोक्यावरचा पंखा फिरतो आहे. कोळशाला नावे ठेवताना हे विसरता येत नाही, आणि त्या खाणींवर ज्यांच्या चुली पेटतात त्यांनाही. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही पाहिला पाहिजे. तो बंध जोडताना जेवढी ऊर्जा मिळाली, तेवढी तरी, व्यवहारात तिच्याहून बरीच जास्त, मोजल्याखेरीज तो पुन्हा तुटत नाही. या वायूतून कार्बन पुन्हा सुटा करणारे यंत्र कोणी कितीही चलाख काढले, तरी या हिशेबात सवलत नाही. झाडांना तो खर्च परवडतो, कारण त्यांचे ऊन फुकट आहे. पण त्यांना वेळ लागतो. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत आपल्या देशाने २०७० पर्यंत ही वजाबाकी शून्यावर आणण्याचा शब्द दिला आहे. तो पाळायचा तर बंध जोडण्यापूर्वीच थांबणे सर्वांत स्वस्त, एवढे रसायनशास्त्र खात्रीने सांगते. कोणी, किती आणि केव्हा थांबायचे, हे ते सांगत नाही; ते आपल्याला ठरवायचे आहे.

हल्ली 'कार्बनमुक्त' हा शब्द फार ऐकू येतो. तो ऐकला की मला माझा वर्ग आठवतो. आपल्या शरीराच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा कार्बन आहे. भाकरीत तो आहे, सुती सदऱ्यात आहे, हे वर्तमानपत्र छापणाऱ्या काळ्या शाईत आहे. त्याच्यापासून मुक्ती कशी मिळणार, आणि हवी तरी कशाला? त्याने कोणाचा हात धरावा आणि कोणाचा धरू नये, एवढेच आपल्या हाती आहे. त्यातले चिमणीचे काम दोन-तीन पिढ्यांचे आहे. गिझरचे मात्र आज दुपारी होण्यासारखे आहे. जेवण झाले की न्हाणीघराच्या झडपेला कोणी पुठ्ठा लावला आहे का, तेवढे पाहून घ्या.